उणे एक सेकंदाचं काय करायचं?

अकरावीचं पोर गणित पुरतं वाचायच्या आत विचारतं, "सर, कुठलं सूत्र लावायचं?" मी म्हणतो, अरे, आधी चित्र काढ.

गणित साधंच. १५ मीटर उंच गच्चीच्या काठावरून चेंडू सेकंदाला १० मीटर वेगाने सरळ वर फेकला, तर तो किती वेळाने जमिनीवर पडेल?

एक उभी रेघ ओढायची. गच्चीपाशी शून्य, वरची दिशा धन. एकदा ठरलं की शेवटपर्यंत मोडायचं नाही. म्हणजे वेग अधिक १०, गुरुत्व त्वरण उणे १० (खरं ९.८, पण आकडेमोडीला १० सोयीचं; हवेचा विरोधही सोडून देऊ) आणि विस्थापन उणे १५. "सर, अंतर उणे कसं असेल?" हे हमखास येतं. पण हे कापलेलं अंतर नव्हे. चेंडू निघाला कुठून आणि पोचला कुठे, एवढंच विस्थापनात धरतात.

हे उणे चिन्ह विसरलं, तर वर्गमुळात ऋण संख्या येते आणि पोरं आकडेमोड पुन्हा तपासत बसतात. आकडेमोड चोख असते! चिन्ह गेल्यामुळे आपण विचारलेलं असतं, चेंडू गच्चीच्या वर १५ मीटर कधी पोचेल? तो जेमतेम ५ मीटर चढतो; समीकरणाने 'कधीच नाही' म्हटलं, ते बरोबरच.

चिन्ह जागेवर असलं की सूत्रात आकडे घालून उरतं ते एवढंच (टी म्हणजे सेकंदातला वेळ): टी² − २टी − ३ = ०. उत्तरं दोन, ३ आणि उणे १. पडताळा दुसऱ्या वाटेने घ्यावा. वर जायला १ सेकंद, मग माथ्यावरून २० मीटर खाली यायला २, एकूण ३. जॉर्ज पोल्या या गणितज्ञाने १९४५च्या पुस्तकात गणित सोडवण्याच्या चार पायऱ्या सांगितल्या, त्यातली शेवटची हीच, मागे वळून पाहण्याची. परीक्षेच्या घाईत नेमकी तीच गळते.

आणि उणे १? पोरं त्यावर काट मारतात. गुण मिळतात, पण गंमत जाते. समीकरणाला गच्ची ठाऊक नाही, फेकणारा हातही नाही. हाच चेंडू एक सेकंद आधी जमिनीवरून सेकंदाला २० मीटर वेगाने वर फेकला असता, तर गच्चीपाशी तो बरोबर १० च्याच वेगाने वर जाताना दिसला असता. आपला चेंडू जमिनीवर आदळतो तोही २० च्याच वेगाने.