नकाशावरील मार्ग यंत्रात कसा उतरतो

डोंगरयात्रेस निघण्यापूर्वी संगणकावरील नकाशावर मार्ग आखावा आणि तो मोबाइलमधील वाटाड्या-अ‍ॅपमध्ये उतरवून घ्यावा, अशी रीत आता रूढ झाली आहे. परंतु या क्रियेत एका यंत्रातून दुसऱ्या यंत्रात नेमके काय जाते, हे समजून घेतल्यावाचून त्या मार्गावर विसंबणे धोक्याचे असते.

आखलेली रेघ साठविताना तिच्यावरील निवडक बिंदूंचे अक्षांश व रेखांश क्रमाने लिहिले जातात. या नोंदीसाठी ‘जीपीएक्स’ नावाची पद्धती २००२ साली प्रसिद्ध झाली. जीपीएक्स फाइल म्हणजे साधा मजकूर असल्यामुळे ती कोणासही उघडून वाचता येते. अक्षांशाचा एक अंश म्हणजे भूपृष्ठावर सुमारे १११ किलोमीटर. अर्थात पाचव्या दशांश स्थळाचा एक अंक सुमारे एका मीटरएवढा होय.

या फाइलीत तीन प्रकारच्या नोंदी असू शकतात. ‘वेपॉइंट’ म्हणजे पाण्याचे टाके, खिंड, देऊळ यांसारखे एकेक स्थळ. ‘रूट’ म्हणजे ज्या ठिकाणांवरून जावयाचे त्यांची क्रमवार यादी. ‘ट्रॅक’ म्हणजे जवळजवळच्या बिंदूंची, वाटेचे प्रत्येक वळण दाखविणारी साखळी. रूट मिळाला असता मधली वाट अ‍ॅप स्वतः शोधते, किंवा दोन ठिकाणे सरळ रेषेने जोडून मोकळे होते. खिरेश्वराहून हरिश्चंद्रगडावर जाणारी रूढ वाट टोलार खिंडीतून वळसा घेते. रूटमध्ये खिरेश्वर आणि गडावरील देऊळ एवढेच दोन बिंदू असले, तर त्यांना जोडणारी रेषा खिंड टाळून डोंगराच्या उभ्या अंगावरून जाईल. दाट धुक्यात तीच वाट मानणाऱ्याची काय गत होईल, हे सांगावयास नकोच. म्हणून पायवाटेसाठी ट्रॅकच पाठवावा.

फाइल लहान करण्यासाठी काही साधने बिंदू विरळ करतात. रेषेपासून ठरावीक अंतराहून कमी ढळलेले बिंदू गाळणे, हे त्यामागील गणित. सपाट मैदानात याने बिघडत नाही. घाटातील नागमोडी वळणे मात्र नाहीशी होतात.

जुन्या कागदी नकाशावरून आकडे घेताना आणखी एक दक्षता हवी. भारतीय सर्वेक्षण विभागाचे जुने नकाशे १८३० च्या एव्हरेस्ट गोलाभावर, म्हणजे पृथ्वीच्या त्या काळी मानलेल्या आकारावर, बेतलेले आहेत. जीपीएक्स ‘डब्ल्यूजीएस ८४’ ही जागतिक पद्धती वापरते. रूपांतर न करता आकडे भरल्यास महाराष्ट्रात स्थान शंभर मीटरांहून अधिक सरकते. घळीचा एक काठ सोडून दुसऱ्या काठावर जाण्यास एवढे अंतर पुरेसे आहे.

मार्ग उतरविल्यावर अ‍ॅपने दाखविलेली लांबी व एकूण चढ मूळ आखणीशी ताडून पाहावेत. नकाशा मोठा करून प्रत्येक वळण तपासावे. जीपीएक्स फाइलीत खुद्द नकाशा नसतो. यासाठी त्या प्रदेशाचा नकाशा आधीच मोबाइलमध्ये साठवावा आणि घरीच इंटरनेट बंद करून तो उघडतो की नाही, हे पाहावे. दरड कोसळून वाट बंद झाली असल्यास फाइलीला ते कळत नाही. ते पायथ्याच्या गावातच विचारावे लागते.