तरत्या घराची निगा

महाराष्ट्रात कालवा म्हटला, की धरणातून निघून शेतामळ्यांना पाणी पाजीत जाणारा पाट डोळ्यांपुढे उभा राहतो. इंग्लंडमधील कालव्यांचा जन्म मात्र निराळ्याच कारणाने झाला. ते पिकांसाठी नव्हे, तर मालाच्या वाहतुकीसाठी खणले गेले. वर्स्ली येथील आपल्या खाणींतील कोळसा मँचेस्टरकडे नेता यावा, म्हणून ब्रिजवॉटरच्या ड्यूकने एक कालवा खणविला आणि १७६१ साली तो सुरू झाला. जेम्स ब्रिंडली या कल्पक स्थापत्यज्ञाचा त्या कामात मोठा वाटा होता. पुढे काही दशकांतच देशभर कालव्यांचे जाळे विणले गेले.

जमिनीच्या चढउतारावर नावा वर किंवा खाली नेता याव्यात, म्हणून या कालव्यांत ठिकठिकाणी दोन्ही टोकांस दरवाजे असलेले बांधीव हौद आहेत. त्यांना ‘लॉक’ म्हणतात. मध्य इंग्लंडमधील पुष्कळशी लॉक जेमतेम ७ फूट रुंद आहेत. साहजिकच त्यांतून जाणारी नावही तेवढीच अरुंद असावी लागते. लांबी मात्र ७० फुटांपर्यंत असू शकते. म्हणून तिला ‘नॅरोबोट’, म्हणजे अरुंद नाव, असे म्हणतात. पूर्वी काठावरून चालणारा घोडा दोराने ही नाव ओढीत असे. नावेचा बहुतेक भाग मालाने भरलेला असे आणि मागच्या बाजूच्या चिमुकल्या खोलीत नावाड्याचे कुटुंब संसार करीत असे.

पुढे आगगाडी आली, मोटारी आल्या आणि कालव्यांवरील वाहतूक ओसरत गेली. १९६२-६३ च्या कडक हिवाळ्यात कालवे कित्येक आठवडे गोठून राहिले, तेव्हा उरलासुरला धंदाही बहुतांशी संपुष्टात आला. परंतु तत्पूर्वीच, १९४४ साली, एल. टी. सी. रोल्ट यांच्या ‘नॅरो बोट’ या पुस्तकाने लोकांच्या मनात या जुन्या जलमार्गांविषयी जिव्हाळा निर्माण केला होता. १९४६ साली त्यांच्या रक्षणासाठी एक संस्थाही स्थापन झाली. अशा प्रयत्नांमुळे अनेक कालवे वाचले. आज मालाच्या जागी माणसे आली आहेत. हजारो लोक पोलादी नॅरोबोटींत बाराही महिने राहतात. काहींची नाव एकाच धक्क्याला बांधलेली असते. ज्यांना असा कायमचा धक्का नसतो, त्यांना सामान्यतः एका जागी १४ दिवसांहून अधिक काळ राहता येत नाही. घरासह पुढे सरकावे लागते.

शहरातील घरात नळ फिरविला, की पाणी येते आणि कळ दाबली, की दिवा लागतो. त्यामागे कोणकोण राबत असते, याचा विचारही मनात येत नाही. नावेतल्या घरात तसे नसते. पाणी किती उरले, वीज किती साठली, ऊब कोठून आणावयाची, हे सारे घरधन्यालाच पाहावे लागते. जणू पाणीपुरवठा, वीजघर आणि साफसफाई ही तिन्ही खाती त्याच्या एकट्याच्याच शिरावर असतात.

प्रथम पाण्याची व्यवस्था पाहू. नावेच्या पुढच्या भागात पिण्याच्या पाण्याची मोठी टाकी असते. कालव्याच्या काठी ठरावीक ठिकाणी नळ असतात. तेथे नाव थांबवून स्वच्छ रबरी नळीने ही टाकी भरून घ्यावी लागते. टाकीतील पाणी विजेवर चालणारा एक लहानसा पंप घरातील नळांकडे ढकलतो. नळ उघडला, की वाहिनीतील दाब कमी होतो आणि पंप आपोआप सुरू होतो. नळ बंद केला, की दाब वाढून तो थांबतो. याच गोष्टीमुळे जाणकाराला एक खूण मिळते. कोणीही नळ उघडलेला नसताना रात्रीच्या शांततेत पंप मध्येच क्षणभर घुरघुरला, तर कोठेतरी वाहिनी गळत आहे, असे समजावे. तो आवाज ऐकून जो उठतो आणि सांधा शोधून घट्ट करतो, त्याचे नुकसान टळते. जो कूस बदलून झोपी जातो, त्याच्या घराच्या तळाशी पाणी साचू लागते.

भांडी घासल्याचे आणि अंघोळीचे पाणी बहुधा थेट कालव्यात जाते. म्हणून साबण बेताने वापरावा लागतो. शौचालयातील मैला मात्र कालव्यात सोडण्यास सक्त मनाई आहे. तो बंद पेटीत किंवा टाकीत साठवून, काठावर त्यासाठी केलेल्या जागीच रिकामा करावा लागतो. हे काम कोणालाच आवडत नाही. पण ते टाळूनही चालत नाही.

इंग्लंडच्या थंडीत पाण्याइतकीच उबेचीही गरज असते. त्यासाठी बहुतेक नावांत कोळसा किंवा लाकूड जाळणारी एक बंदिस्त लोखंडी शेगडी असते. तिचा धूर छपरातून वर गेलेल्या धुरांड्यातून बाहेर जातो. ही शेगडी जितकी सुखाची, तितकीच जपून वापरण्याची वस्तू आहे. धुरांड्यात काजळी साचली किंवा शेगडीला पुरेशी हवा मिळाली नाही, तर इंधन अर्धवट जळते आणि कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू तयार होतो. त्याला रंग नाही आणि वासही नाही. झोपलेल्या माणसाला काही कळण्यापूर्वीच तो त्याचा प्राण घेऊ शकतो. म्हणून धुरांडे वेळोवेळी साफ करणे, शेगडीच्या दारावरील दोरीसारखी पट्टी झिजली असल्यास बदलणे, धगधगती राख खोलीत न ठेवणे आणि हवेसाठी ठेवलेल्या झरोक्यांत थंडीच्या भीतीने बोळे न कोंबणे, हे नियम कटाक्षाने पाळावे लागतात. राहण्याची सोय असलेल्या नावांत या वायूची सूचना देणारी घंटा २०१९ पासून सक्तीची झाली आहे.

स्वयंपाकाच्या गॅसचीही अशीच गोष्ट आहे. हा वायू हवेहून जड असतो. जमिनीवरील घरात तो दाराखिडकीतून काही प्रमाणात निघून जाऊ शकतो. नाव म्हणजे मात्र एक खोल, बंद परात. गळलेला वायू तिच्या तळाशी साचून राहतो आणि एखादी ठिणगीही घात करते. यास्तव गॅसची नळकांडी घरापासून अलग अशा कप्प्यात ठेवतात आणि त्या कप्प्याच्या तळाशी बाहेर उघडणारी भोके ठेवतात. अशा सर्व व्यवस्थांची दर चार वर्षांनी तपासणी करून सुरक्षिततेचा दाखला घ्यावा लागतो.

आता या घराचे हृदय, म्हणजे त्याचे इंजिन, पाहू. हे डिझेलवर चालते आणि पाण्यातील मळसूत्री पंखा फिरवून नाव पुढे ढकलते. कालव्यातील वेगाची मर्यादा ताशी अवघी ४ मैल, म्हणजे माणसाच्या चालण्याइतकीच आहे. परंतु नाव चालविणे हे इंजिनाचे एकच काम नव्हे. इंजिन फिरले, की त्याला जोडलेले जनित्र वीज निर्माण करते आणि ती बॅटऱ्यांत साठविली जाते. पंप, दिवे आणि पंखे यांना हीच वीज पुरते. अलीकडे अनेक नावांच्या छपरांवर सौर पट्ट्याही दिसतात. पण हिवाळ्यातील मंद उन्हात त्यांचा आधार थोडाच. तेव्हा नाव उभी असली, तरी काही वेळ इंजिन चालवावे लागते. मात्र शेजारी इतर नावा असतील, तर रात्री ८ ते सकाळी ८ या वेळात ते बंद ठेवावे, असा नियम आहे.

इंजिनाची उष्णताही वाया जात नाही. इंजिनाला थंड ठेवणारे पाणी त्याच्याभोवती फिरून तापते. हे तापलेले पाणी एका टाकीतील नागमोडी नळीतून फिरविले, की टाकीतले अंघोळीचे पाणी गरम होते. जुन्या घरांतील तांब्याच्या बंबात पाण्याच्या मधोमध निखारे असत. येथे निखाऱ्यांच्या जागी इंजिनाचे ऊन पाणी असते, एवढाच फरक. उरलेली उष्णता पुष्कळ नावांत, नावेच्या पोलादी अंगाला आतून जोडलेल्या एका चपट्या टाकीतून, बाहेरच्या कालव्याच्या पाण्यात निघून जाते.

एवढी कामे करणाऱ्या इंजिनाची निगाही तितकीच राखावी लागते. रोज सकाळी तेलाची पातळी पाहणे, पट्टा सैल झाला नाही ना हे तपासणे आणि ठरावीक तास चालल्यावर तेल व गाळण्या बदलणे, ही त्यातील नेहमीची कामे होत. डिझेलची टाकी अर्धी रिकामी राहिली, तर थंडीत तिच्या आत दव जमते. ते पाणी डिझेलच्या तळाशी बसते, तेथे सूक्ष्म जीव वाढतात आणि त्यांच्या चिकट गाळाने गाळणी तुंबून इंजिन बंद पडते. म्हणून हिवाळ्यापूर्वी टाकी भरून ठेवतात.

इंजिनापासून पंख्याकडे जाणारा दांडा नावेच्या अंगातून आरपार बाहेर जातो. म्हणजे नावेला पाण्याखाली एक भोक असणे अटळच असते. त्या जागी दांड्याभोवती दोरीसारखे भरण घालून व वंगण भरून पाणी अडवितात. त्याला ‘ग्लँड’ म्हणतात. दांडा फिरत असताना येथून थेंब थेंब पाणी आत आले, तर ते वावगे नव्हे. परंतु दिवसाचा प्रवास संपल्यावर वंगणाची कळ फिरवून हे थेंब थांबवावे लागतात. कोणी म्हणेल, ‘थेंबभर पाण्याने काय होणार? ते उपसण्यास तळाशी स्वयंचलित पंप आहेच!’ पण तो पंप बॅटरीवर चालतो. मालक महिनाभर परगावी गेला, थेंब पडत राहिले, पंप पुन्हा पुन्हा चालून बॅटरी संपली, तर पुढचे पाणी उपसणार कोण?

दुसरी अशीच जागा पंख्याच्या बरोबर वर असते. पंख्यात पाणवेली, दोऱ्या, प्लॅस्टिकच्या पिशव्या अडकल्या, तर त्या काढण्यासाठी तेथे एक झाकण ठेवलेले असते. इंजिन बंद करून, किल्ली काढून घेऊन, मगच झाकण उघडावे आणि आत हात घालून गुंता कापावा. काम झाल्यावर झाकण पुन्हा घट्ट बसविलेच पाहिजे. ते सैल राहिले, तर पंख्याने उसळलेले पाणी आत शिरते आणि थोड्याच वेळात नाव बुडू शकते. किल्ली काढण्याचा नियम हात वाचविण्यासाठी आहे आणि झाकणाचा नियम घर वाचविण्यासाठी.

नावेच्या बाहेरच्या अंगालाही विसरून चालत नाही. दोनतीन वर्षांनी नाव पाण्याबाहेर काढून तिला डांबराचा लेप देतात. शिवाय पाण्याखालील भागाला मॅग्नेशियमचे ठोकळे जोडलेले असतात. पोलादाऐवजी ते स्वतः झिजतात आणि पोलादाला गंजापासून वाचवितात. ते झिजून संपण्यापूर्वी नवे लावावे लागतात.

हिवाळा ही या सर्व काळजीची कसोटी होय. पाणी गोठले, की ते सुमारे ९ टक्क्यांनी फुगते. नळीत कोंडलेले पाणी गोठले, तर नळीच फुटते. पण ते कळते बर्फ वितळल्यावर, पाण्याची धार लागल्यानंतर. म्हणून नाव सोडून जाणारा शहाणा माणूस नळ्या आधीच रिकाम्या करतो आणि नळ उघडे ठेवतो. इंजिनाच्या पाण्यात न गोठणारा द्रव मिसळलेला आहे, याचीही तो खात्री करून घेतो.

अशा रीतीने या तरत्या घरात प्रत्येक वस्तू दुसरीशी बांधलेली असते. इंजिन बॅटरीला वीज देते, बॅटरी पंपाला चालविते आणि पंप घर कोरडे राखतो. साखळीतील एक कडी निखळली, तर तिचा परिणाम शेवटच्या कडीपर्यंत पोहोचतो. येथे मोठ्या पराक्रमाची गरज नसते. एक कळ फिरविणे, एक झाकण दाबून पाहणे, एक आवाज कान देऊन ऐकणे, एवढेच पुरते. मात्र ते रोज आणि न चुकता करावे लागते. नाव एका थेंबाने बुडत नाही, हे खरे. परंतु ज्या दिवशी कोणीही त्या थेंबाकडे पाहत नाही, त्या दिवसापासून ती बुडू लागते.