औंधला जाताय? फोटोचं आधी विचारून घ्या

टेंभुर्णीकरांनो, अकलूज-म्हसवडमार्गे औंधला गेलात तर यमाईच्या डोंगरावरचं श्री भवानी संग्रहालय चुकवू नका. बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी 1938 मध्ये उभारलेल्या या वास्तूत राजा रविवर्म्याची चित्रं आहेत, चक्क हेन्री मूरचं ‘आई आणि मूल’ हे शिल्पही आहे! फोटो चालतो का, हे तिकीट घेतानाच विचारा. नाही म्हणाले तर हुज्जत घालू नका, डोळे भरून बघा. इतर संग्रहालयांत परवानगी असली तरी फ्लॅश बंदच ठेवा. प्रकाशानं उडालेला रंग परत येत नाही. म्हणूनच जलरंगातल्या चित्रांवर साधारण 50 लक्स एवढाच मंद उजेड ठेवतात. सेल्फीसाठी मागे सरकताना शिल्पाला धक्का लागतो, तेव्हा पाठीवरची सॅकही पुढे घ्या.