वेगाची शिडी

मुलांनो, जत्रेतली बैलगाडा शर्यत तुमच्यापैकी पुष्कळांनी पाहिली असेल. जळोचीपासून इंदापूरपर्यंत कोणत्याही गावात या शर्यतीचा विषय काढा, म्हातारी माणसेही सरसावून बसतात. कोणाची बैलजोडी होती, गाडा कोणी हाकला, किती सेकंदांत पळाला, हे सारे त्यांना तोंडपाठ असते. ही शर्यत सरळ रेषेत होते. बैल सुटले, की काही क्षणांत निकाल लागतो.

मोटारींची शर्यत वेगळी असते. तिच्यात वळणे असतात आणि खरी परीक्षा त्या वळणांवरच होते. सरळ रस्त्यावर गाडी वेगाने नेणे फारसे अवघड नाही. पण वळण आले, की वेग केव्हा कमी करायचा, किती कमी करायचा आणि तो पुन्हा केव्हा वाढवायचा, हे ज्याला अचूक कळते तो पुढे जातो. या पाठात आपण मुंबईच्या एका मुलाची ओळख करून घेणार आहोत. त्याने हे ज्ञान लहानपणापासून मिळवले आणि या खेळाच्या सर्वांत वरच्या पायरीच्या अगदी जवळ तो जाऊन पोहोचला.

त्याचे नाव जेहान दारूवाला. जहान म्हणजे जग, हे तुम्हांला मी सांगायला नको. आडनाव ऐकून मात्र हसू नका. पारशी लोकांची कितीतरी आडनावे धंद्यावरून पडली आहेत आणि फारसी भाषेत 'दारू' या शब्दाचा अर्थ औषध असाही होतो. दवा-दारू हा शब्द तुमच्या घरात रोज कानांवर पडत असेल.

जेहानचा जन्म १ ऑक्टोबर १९९८ रोजी मुंबईत झाला. त्याच्याविषयी वाचण्यापूर्वी मोटारींच्या शर्यतींचे दोन मोठे प्रकार समजून घेऊ. पहिल्या प्रकारात रस्त्यावर दिसणाऱ्या गाडीसारखीच गाडी असते. फक्त शर्यतीसाठी ती आतून बदललेली असते. अमेरिकेत अशा गाड्यांना 'स्टॉक कार' म्हणतात. त्यांच्या शर्यती चालवणारी 'नॅसकार' ही संस्था १९४८ साली स्थापन झाली. आपल्याकडेही मद्रासजवळच्या शोलावरम येथील जुन्या धावपट्टीवर फियाट गाड्या बदलून पळवल्या जात. भारतात फियाट तयार करणारी प्रीमियर कंपनी शेठ वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली सुरू केली. इंदापूर तालुक्यातले वालचंदनगर त्यांच्याच नावाने ओळखले जाते. म्हणजे या खेळाचा एक धागा आपल्या भागातूनही जातो.

दुसरा प्रकार 'फॉर्म्युला' गाड्यांचा. या गाड्या केवळ शर्यतीसाठीच बनवलेल्या असतात. त्यांत एकाच माणसाला बसता येते, चाके उघडी असतात आणि गाडी जमिनीला जवळजवळ चिकटून धावते. त्यांतली सर्वांत वरची पायरी म्हणजे 'फॉर्म्युला वन'. या दोन्ही प्रकारांतले पुष्कळ चालक लहानपणी एकाच छोट्या वाहनावर शिकतात. त्या वाहनाला 'कार्ट' म्हणतात.

कार्ट दिसायला खेळण्यासारखी दिसते. लोखंडी नळ्यांचा सांगाडा, चार लहान चाके, मागे किंवा बाजूला इंजिन आणि एक बैठक. दार नाही, छत नाही, धक्के झेलणारे पाटेसुद्धा नाहीत. रस्त्यावरचा प्रत्येक खडा पाठीला कळतो. पण तिच्यात एक गंमत आहे. बैलगाडीची चाके आसाभोवती मोकळी फिरतात, त्यामुळे वळताना बाहेरचे चाक जास्त आणि आतले कमी फिरू शकते. ट्रॅक्टरमध्ये हेच काम डिफरन्शियल करते. कार्टची मागची दोन्ही चाके मात्र एकाच आसावर घट्ट बसवलेली असतात. दोन्ही सारखीच फिरणार! मग ती वळणार कशी? चालकाने गाडीचा भार असा टाकावा लागतो, की आतले मागचे चाक क्षणभर जमिनीवरून किंचित उचलले जाईल. ते साधले तर कार्ट झर्रकन वळते. नाही साधले तर ती घसरते किंवा तिचा वेग मरतो. पुस्तक वाचून हे येत नाही. हातांना, पाठीला आणि कमरेला ते शिकावे लागते. म्हणूनच या खेळात दहा-बारा वर्षांच्या वयाला एवढे महत्त्व आहे.

जेहानने २०११ च्या सुमारास कार्टिंगला सुरुवात केली. त्याला शिकवणारे रेयोमंद बनाजी हे स्वतः कार्टिंगचे माजी राष्ट्रीय विजेते. प्रत्येक कलेत उस्ताद लागतो, तसा या खेळातही लागतो. त्याच वर्षी 'फोर्स इंडिया' या फॉर्म्युला वन संघाने देशभरातल्या मुलांमधून होतकरू चालक शोधण्यासाठी एक स्पर्धा घेतली. तीन मुलांची निवड झाली. त्यांत जेहान होता. निवड झालेल्या मुलांना परदेशात शिकण्याची व स्पर्धांत उतरण्याची संधी मिळाली.

यानंतर तो झपाट्याने पुढे गेला. २०१२ मध्ये मकाव येथे त्याने आशिया-पॅसिफिक गटातले कनिष्ठ विजेतेपद मिळवले. पुढच्या वर्षी इंग्लंडची राष्ट्रीय कनिष्ठ स्पर्धा जिंकली. तेव्हा तो अजून पंधरा वर्षांचाही नव्हता. ज्या वयात आपली मुले दहावीच्या परीक्षेची तयारी करतात, त्या वयात हा मुलगा विमानाने युरोपला जायचा, शर्यती करायचा आणि परत यायचा. थंडी, पाऊस, अनोळखी भाषा, अनोळखी जेवण. बरोबरीची इटालियन व इंग्रज मुले मात्र घरापासून तासाभराच्या अंतरावर सराव करत होती. भारतीय मुलाला या खेळात किती दुरून सुरुवात करावी लागते, ते यावरून दिसते.

आता पैशांविषयी स्पष्ट लिहिले पाहिजे, नाहीतर चित्र अर्धवट राहील. कबड्डीला मैदान आणि दम पुरतो. क्रिकेटला बॅट-बॉल. मोटार शर्यतीला गाडी, टायर, इंधन, कारागीर, प्रवास आणि संघात जागा मिळवण्यासाठी भरावी लागणारी मोठी रक्कम लागते. वरच्या पायऱ्यांवर एका वर्षाचा खर्च कोट्यवधी रुपयांत जातो. जेहानचे वडील मोठे उद्योजक आहेत, त्यामुळे त्याला हा मार्ग खुला झाला. लुईस हॅमिल्टनची गोष्ट वेगळी. त्याच्या वडिलांनी एकाच वेळी अनेक कामे करून मुलाची कार्ट चालू ठेवली आणि १९९८ मध्ये मॅकलारेन संघाने तेरा वर्षांच्या लुईसला आपल्या छत्राखाली घेतले. तो पुढे सात वेळा जगज्जेता झाला. पण असे हॅमिल्टन फार थोडे. पैसा नाही म्हणून घरी राहिलेली गुणी मुले किती असतील, याची नोंद कोणी ठेवलेली नाही.

पैसा असला तरी तो गाडी चालवत नाही. ते कसे ओळखतात, ते पाहा. प्रत्येक संघात एकसारख्या दोन-तीन गाड्या असतात. सारखे इंजिन, सारखे टायर. त्यामुळे चालकाचा पहिला प्रतिस्पर्धी म्हणजे त्याच्याच संघातला सोबती. शर्यतीनंतर संगणकावर दोघांचे आलेख एकावर एक ठेवून पाहतात. गणिताच्या वहीत तुम्ही काढता तसेच हे आलेख असतात. एका रेषेवरून वेग कळतो, दुसरीवरून ब्रेक, तिसरीवरून स्टिअरिंग. सोबत्याने ब्रेक दहा मीटर उशिरा दाबला असेल, तर ते लगेच दिसते. तेथे 'गाडीच वाईट होती' ही सबब चालत नाही.

जेहानला सोबती मिळाले तेही कसे! २०१५ मध्ये तो कार्ट सोडून फॉर्म्युला रेनॉल्ट या प्रकारात उतरला. २०१६ मध्ये जर्मनीच्या योझेफ काउफमान संघात त्याच्याबरोबर लँडो नॉरिस नावाचा इंग्रज मुलगा होता. त्या वर्षी नॉरिसने विजेतेपद मिळवले. २०१७ मध्ये दोघे पुन्हा एकाच संघात आले. या वेळी इंग्लंडचा कार्लिन संघ आणि युरोपची फॉर्म्युला थ्री स्पर्धा. नॉरिस पहिला आला, जेहान सहावा. मात्र त्याच वर्षाच्या सुरुवातीला जेहानने न्यूझीलंड ग्रां प्री जिंकली होती आणि जर्मनीत न्यूरेंबर्ग शहरातल्या नोरिसरिंगवर फॉर्म्युला थ्रीची एक शर्यतही जिंकली. युरोपच्या त्या स्पर्धेत शर्यत जिंकणारा तो पहिला भारतीय. दोघांच्या वयात वर्षभराचे अंतर. एकसारखी गाडी. पुढे २०२५ मध्ये नॉरिस फॉर्म्युला वनचा जगज्जेता झाला.

हे अंतर केवढे असते? फॉर्म्युला टू गाडी ताशी ३०० किलोमीटरपेक्षा जास्त वेग घेते. या वेगाने बारामतीहून इंदापूरला जाता आले असते, तर साधारण दहा मिनिटे लागली असती. (आपल्या रस्त्यावर ऊस भरलेल्या ट्रॉल्यांमागून जाताना किती वेळ लागतो, ते तुम्हांला ठाऊक आहे.) ३०० किलोमीटर म्हणजे सेकंदाला सुमारे ८३ मीटर. कबड्डीची सहा मैदाने लांबीत एकापुढे एक मांडली, तर ती सगळी एका सेकंदात मागे पडतील. आता सेकंदाचा दहावा भाग घ्या. तेवढ्यात गाडी आठ मीटर पुढे गेलेली असते. प्रत्येक फेरीत दोन-तीन वळणांवर असा बारीकसा वेळ वाचवणारा चालक जगज्जेता होतो आणि तो न साधणारा सहावा येतो. सहावा येणाराही वाईट चालक नसतो, हे ध्यानात ठेवा.

२०१८ चे वर्ष जेहानला चांगले गेले नाही. तो दहावा आला. पण २०१९ मध्ये इटलीच्या प्रेमा संघातून त्याने फॉर्म्युला थ्रीच्या जागतिक स्पर्धेत दोन शर्यती जिंकल्या आणि एकूण तिसरा क्रमांक मिळवला. पहिले दोघेही त्याच्याच संघातले होते. २०२० मध्ये रेड बुल कंपनीने त्याला आपल्या तरुण चालकांच्या गटात घेतले आणि तो फॉर्म्युला टूमध्ये पोहोचला. वर एकच पायरी उरली.

तेथले पहिले वर्ष कठीण गेले. गाडी जड आणि ताकदवान, टायर लवकर झिजणारे. टायर जपून वापरणे हीसुद्धा एक विद्या आहे. सुरुवातीला फार जोर केला तर शेवटच्या फेऱ्यांत पकड उरत नाही. फार जपले तर पुढचे निघून जातात. त्याचा सोबती युकी त्सुनोदा हा जपानी तरुण ही विद्या लवकर शिकला आणि पुढच्याच वर्षी फॉर्म्युला वनमध्ये गेला. जेहान मागे राहिला होता.

मग ६ डिसेंबर २०२० चा दिवस उजाडला. ठिकाण बहरीनमधील साखीर, वर्षाची शेवटची शर्यत. त्या वेळी फॉर्म्युला टूमध्ये आदल्या दिवशीच्या पहिल्या आठ जणांना दुसऱ्या दिवशी उलट्या क्रमाने उभे करत. आदल्या दिवशी सातवा आलेला जेहान त्यामुळे दुसऱ्या जागेवर उभा होता. सुरुवातीलाच त्याची डॅन टिक्टम आणि मिक शूमाखर यांच्याशी झटापट झाली. मिक हा प्रसिद्ध जगज्जेत्या मिखाएल शूमाखरचा मुलगा. त्या दिवशी स्पर्धेचे विजेतेपद त्यानेच मिळवले. पण शर्यत जेहानने जिंकली. दुसरा आला त्सुनोदा, ज्याच्या आलेखांकडे जेहान वर्षभर पाहत होता. फॉर्म्युला टूची शर्यत भारतीयाने जिंकण्याची ही पहिलीच वेळ. वाळवंटातल्या त्या रात्री 'जन गण मन'ची धून वाजली.

पुढच्या दोन्ही वर्षी तो एकूण सातवा आला. या काळातला त्याचा सर्वांत मोठा विजय मला सप्टेंबर २०२२ मधला वाटतो. इटलीच्या मोंझा मार्गावर त्याने मुख्य शर्यत जिंकली. या शर्यतीत उलटा क्रम नसतो. पात्रता फेरीत जो वेगवान ठरेल तो पुढे उभा राहतो. त्याच वर्षी जूनमध्ये मॅकलारेन संघाने सिल्व्हरस्टोन येथे त्याला आपली फॉर्म्युला वन गाडी चाचणीसाठी चालवू दिली होती.

मग तो फॉर्म्युला वनमध्ये का गेला नाही? २०२५ पर्यंत त्या स्पर्धेत दहा संघ होते, म्हणजे साऱ्या जगात मिळून वीस जागा. २०२६ साठी अकरा संघ आणि बावीस जागा ठरल्या. आपल्या वर्गात जेवढी मुले बसतात, त्याहूनही कमी! शिवाय 'सुपर लायसन्स' नावाचा परवाना लागतो; त्यासाठी साधारणपणे वय १८ पूर्ण हवे आणि खालच्या स्पर्धांतून तीन वर्षांत चाळीस गुण जमवावे लागतात. परवाना मिळाला तरी जागा रिकामी असावी लागते. ती रिकामी होते तेव्हा संघ फॉर्म्युला टूमधल्या पहिल्या दोघा-तिघांकडे पाहतो. सातव्याकडे नजर जाईलच असे नाही. आजवर ही जागा दोनच भारतीयांना मिळाली आहे: २००५ मध्ये नारायण कार्तिकेयनला आणि २०१० मध्ये करुण चंधोकला.

२०२३ मध्ये फॉर्म्युला टूचे चौथे वर्ष पूर्ण करून जेहानने वाट बदलली. विजेवर चालणाऱ्या गाड्यांच्या 'फॉर्म्युला ई' या जागतिक स्पर्धेत मासेराती संघाने त्याला घेतले. जानेवारी २०२४ मध्ये मेक्सिको शहरात तो पहिल्यांदा उतरला. पुढच्याच महिन्यात हैदराबादला शर्यत व्हायची होती. आपल्या देशात, आपल्या लोकांसमोर गाडी चालवण्याची संधी त्याला मिळणार होती. ती शर्यत रद्द झाली. जुलैमध्ये लंडनला हंगाम संपला आणि पुढच्या हंगामासाठी त्या संघाने दुसरे चालक घेतले. तेव्हा जेहानचे वय पंचवीस वर्षांचे होते.