खटला निकाली, नोंद कायम

अमेरिकेतल्या टेक्सास राज्यात ‘डिफर्ड ॲडज्युडिकेशन’ नावाची सवलत आहे. आरोपी गुन्हा कबूल करतो किंवा आरोपाला आव्हान देत नाही. न्यायाधीश त्याला दोषी ठरवणे लांबणीवर टाकतात आणि देखरेखीचा काळ नीट पार पडला की खटला निकाली निघतो. पहिल्यांदाच चुकलेल्या तरुणाला हा मोठा दिलासा वाटतो. पण अटकेची आणि खटल्याची नोंद तशीच राहते. ती झाकायला बहुतेकदा न्यायालयाचा वेगळा आदेश लागतो, गंभीर गुन्ह्यात त्यासाठीही ५ वर्षे थांबावे लागते, आणि आदेशानंतरही पोलिसांना व अनेक परवाना मंडळांना ती दिसते.

खरा घात परदेशी नागरिकांचा होतो. १९९६च्या संघीय कायद्यानुसार कबुली आणि न्यायाधीशाने घातलेले बंधन एवढे असले की इमिग्रेशनच्या हिशेबी तो माणूस दोषीच. राज्याने खटला रद्द केला तरी फरक पडत नाही. काही गुन्ह्यांत ग्रीनकार्ड जाऊन हद्दपारी होऊ शकते. ह्यूस्टन-डॅलसच्या मराठी घरांनी कबुलीपूर्वीच इमिग्रेशन वकील गाठावा, नंतर नव्हे.

हद्दपारीचा धोका अशिलाला सांगणे हे वकिलाचे कर्तव्यच आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१०मध्ये ‘पडिया विरुद्ध केंटकी’ खटल्यात ठरवले. मात्र त्याआधीच अंतिम झालेल्या प्रकरणांना तो निकाल लागू नाही, असे त्याच न्यायालयाने २०१३मध्ये सांगितले.