नाम्पुलाची तूर, जालन्याचा मोंढा

नाम्पुला (मोझांबिक) : इथे सध्या तुरीची सुगी आहे. शेतकरी सायकलवर पोतं आवळून आणतो. दुकानदार मूठभर दाणे तळहातावर पसरतो, एखादा दाताखाली फोडून ओल बघतो आणि भाव सांगतो. घासाघीस फारशी होत नाही. माल नाकाला बंदरातून भारतात जाणार, हे दोघांनाही ठाऊक असतं. इथल्या घरात रोजचा शिमा शिजतो, तो मक्याच्या नाहीतर कसाव्याच्या पिठाचा. तूर पिकते ती मुख्यतः विकायलाच.

माझं गाव जालना जिल्ह्यातलं अंकुशनगर. साखर कारखान्याभोवती ऊस असला तरी कोरडवाहू रानात सोयाबीन-कपाशीत तुरीचे तास असतातच. त्यामुळे नाम्पुलातला काटा बघताना जालन्याचा मोंढा आठवतो.

2015च्या दुष्काळात आपल्याकडे तूरडाळ 200 रुपये किलोवर गेली. जुलै 2016मध्ये भारताने मोझांबिकशी करार केला, की आयात दरवर्षी वाढवत 2 लाख टनांवर न्यायची. इथल्या लोकांनी भरवशाने पेरा वाढवला. नेमकी त्याच हंगामात आपली तूर अमाप पिकली. हमीभाव क्विंटलला 5,050 रुपये, मोंढ्यात दर त्याच्या खाली. खरेदी केंद्रांवर बारदाना संपला, ट्रॅक्टर रांगेत उभे राहिले. ऑगस्ट 2017मध्ये दिल्लीने आयातीवर मर्यादा घातली. सरकारी कराराचा माल त्यातून वगळला होता, तरी इथले भाव कोसळले. 2021मध्ये आयात पुन्हा मोकळी झाली.

दूरच्या निर्णयाचा फटका मोझांबिकच्या खाण्यालाही बसतो. इथल्या पावाचा गहू बाहेरून येतो. 2010मध्ये दुष्काळामुळे रशियाने गव्हाची निर्यात थांबवली, जगात भाव चढले. पावाची दरवाढ जाहीर झाल्यावर सप्टेंबरात राजधानी मापुतोत लोक रस्त्यावर उतरले, गोळीबारात माणसं मेली, आणि सरकारला दरवाढ मागे घ्यावी लागली.

'आफ्रिकेची तूर आली, आमचा भाव पाडला', हा आपल्याकडचा राग खरा आहे. पण तो नाम्पुलाच्या शेतकऱ्यावर काढू नये. त्याला आपल्यासारखा हमीभावाच्या खरेदीचा आधार नाही, आणि दिल्लीच्या आदेशाने तोही आपल्याइतकाच भरडला जातो. आपली तूर जूनमध्ये पेरली जाते, इथली डिसेंबरच्या आसपास, पावसाबरोबर. आयातीचं धोरण या पेरण्यांच्या आधी जाहीर व्हावं आणि माल विकला जाईपर्यंत बदलू नये, ही मागणी जालन्यातून जोरात व्हायला हवी.