स्विचची पाच मिनिटांची आठवण

नेटवर्क स्विच मॅक ॲड्रेस शिकतो तो पाठवणाऱ्याकडे बघून. फ्रेम आत आली की तिच्यावरचा पाठवणाऱ्याचा ४८ बिटांचा पत्ता, पोर्ट आणि व्हीलॅन यांची नोंद टेबलमध्ये होते. ज्याला फ्रेम पोचवायची त्याचा पत्ता टेबलमध्ये नसेल, तर ती त्या व्हीलॅनच्या बाकी सगळ्या पोर्टवर सोडली जाते. याला फ्लडिंग म्हणतात.

सिस्कोच्या कॅटलिस्ट स्विचवर आपोआप शिकलेली नोंद मुळात ३०० सेकंद टिकते. त्या पत्त्यावरून नवी फ्रेम आली की मोजणी पुन्हा पहिल्यापासून. गोम इथेच आहे. सिस्कोच्या राउटरवर एआरपीची, म्हणजे आयपी पत्त्याला मॅक ॲड्रेस जोडणारी, नोंद मात्र मुळात चार तास राहते. जाण्याचा आणि येण्याचा मार्ग वेगळा असेल, तर एका स्विचला ज्याच्याकडे फ्रेम पाठवायची त्या यंत्राकडून फ्रेमच मिळत नाही. पाच मिनिटांत नोंद पुसली जाते, राउटर पाठवतच राहतो आणि सगळा ट्रॅफिक फ्लड होतो. नेटवर्क विनाकारण संथ झाल्यासारखे वाटते. अशा वेळी दोन्ही मुदती जुळवून घेणे हा सरळ उपाय. स्विचवरची मुदत शून्य केली तर नोंदी आपोआप पुसल्याच जात नाहीत. हा उपाय सहसा अंगाशी येतो.

हाताने घातलेली स्टॅटिक नोंद मुदतीने जात नाही. त्यामुळे प्रिंटरची केबल दुसऱ्या पोर्टला लावली की प्रिंटर गप्प! एकच पत्ता दोन पोर्टांमध्ये सतत उड्या मारताना दिसला, तर आधी लूप शोधावा. टेबल रिकामे करून तो जात नाही.